क्रॅनबेरी : बाटलीतली आणि गोष्टीतली

गेल्या काही वर्षांत आपल्या औषधी दुकानांच्या फळ्यांवर क्रॅनबेरीची सरबते, गोळ्या व चूर्णाच्या पुड्या स्थिरावल्या आहेत. सुक्या मेव्याच्या दुकानांत तेच फळ साखरेत मुरवून मनुकांसारखे विकले जाते. बालकास वरचेवर मूत्रदाह होतो असे सांगून पालक बाटली मागतात आणि ती दिलीही जाते. परंतु ज्या भूमीत हे फळ उगवते, तेथे ते बालकाच्या आयुष्यात कोणत्या वाटेने प्रवेश करते, याचा विचार वैद्यवर्गाने अवश्य करावा असे मला वाटते. ती वाट औषधाच्या चमच्याची नाही.

क्रॅनबेरी ही उत्तर अमेरिकेतील पाणथळ, आम्लधर्मी जमिनीवर सरपटत वाढणारी वनस्पती. ताज्या फळात शंभर ग्रॅममागे साखर जेमतेम चार ग्रॅम. रस अम्ल आणि कषाय, तोही इतका तीव्र की कच्चे फळ एकदा चावलेले मूल दुसऱ्यांदा सहसा हात लावणार नाही. असे असूनही तेथील मुले पिढ्यान्‌पिढ्या ते आवडीने खात आली आहेत. मॅसॅच्युसेट्स राज्यातील मार्थाज व्हिनयार्ड बेटावर ॲक्विना वाम्पानोआग हा मूलनिवासी समाज ऑक्टोबरच्या दुसऱ्या मंगळवारी 'क्रॅनबेरी दिन' पाळतो. त्या दिवशी मुले शाळेत न जाता वडीलधाऱ्यांसमवेत फळे वेचण्यास जातात. तेथेच भोजन होते, तेथेच जुन्या गोष्टी सांगितल्या जातात. फळाची पहिली ओळख अशी, हातांना आणि कानांना होते. जिभेची पाळी नंतर येते.

युरोपीय वसाहतकऱ्यांनीही फळाभोवती कथा रचल्या. त्याचे फूल वाकलेल्या मानेच्या क्रौंच पक्ष्यासारखे दिसते, म्हणून नावातच क्रौंच आला. न्यू जर्सीतील जॉन वेब या एका पायाने अधू असलेल्या शेतकऱ्याची गोष्ट तर मुलांच्या विशेष आवडीची. माडीवरून फळे खाली नेणे त्याला अवघड, म्हणून तो ती जिन्यावरून ओतून देई. टणक फळे उड्या मारीत तळाशी पोहोचत, नासकी पायऱ्यांवरच राहत. फळाच्या पोटात हवेचे चार कप्पे असतात, त्यामुळे ते उसळते आणि पाण्यावर तरंगतेही. पुढे फळे निवडण्याची यंत्रे याच तत्त्वावर बनली. मुलाला द्रव्यपरीक्षेचा याहून सोपा धडा कोणता देता येईल?

१९७१ साली वेंडे व हॅरी डेव्हलिन या दांपत्याचे 'क्रॅनबेरी थँक्सगिव्हिंग' हे बालपुस्तक प्रसिद्ध झाले. आजीची क्रॅनबेरी-पावाची गुप्त कृती, ती लांबवू पाहणारा सभ्य दिसणारा पाहुणा आणि ती वाचवणारा गबाळा शेजारी, एवढेच कथानक. मात्र ती कृती पुस्तकातच छापलेली आहे. गोष्ट संपली की मुलाने पिठाच्या डब्याकडे वळावे, अशी ही योजना! आणि स्वयंपाकघरात हे फळ मुलाला निराश करीत नाही. साखरपाण्यात उकळू लागले की एकेक फळ फट्‌ असा आवाज करून फुटते. दहा मिनिटांत लालबुंद पाक होतो आणि निवल्यावर आपोआप थिजतो. जे फळ आपल्या डोळ्यांदेखत फुटले, ते चाखण्यास मूल सहसा नकार देत नाही. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी गृहिणी त्याच फळाला गूळ, मेथी व हिंगाची फोडणी देऊन करवंदासारखे लोणचे घालतात. हेही त्या फळाचे गोत्र ओळखणेच होय.

आपल्या संहितांत हे द्रव्य अनुक्त आहे. विक्रीपत्रकांवर त्याचे वीर्य-विपाक ठामपणे छापले जातात, ती घाई मला मान्य नाही. परंतु चरकाचार्यांचा हृद्य महाकषाय पाहावा. आम्र, आम्रातक, लकुच, करमर्द, वृक्षाम्ल, अम्लवेतस, कुवल, बदर, दाडिम, मातुलुंग ही सारी फळे बहुशः अम्ल आहेत. अग्र्यसंग्रहातही हृद्य द्रव्यांत अम्लाला अग्रस्थान आहे. हृद्य म्हणजे हृदयास हितकर, तसेच मनास रुचणारे. काश्यपसंहितेने सहाव्या महिन्यात फलप्राशन सांगितले, म्हणजे अन्नापूर्वी फळ. मग आमच्या बालकास अम्ल रसाची ओळख परदेशी बाटलीतून का व्हावी?

गोष्टी आपल्याकडे कमी नाहीत. करवंद फोडून आत लाल निघाले तर कोंबडा, पांढरे निघाले तर कोंबडी, हा खेळ खेळताना किती करवंदे पोटात गेली हे कोणी मोजत नसे. बोरन्हाणात डोक्यावरून ओघळलेली बोरे वेचण्यास मुले झेपावतात. शबरीची बोरे आणि कार्तिकातील आवळीभोजन आहेच. आज शहरातील मुलाला करवंद भेटते ते केकवरची लाल 'चेरी' होऊन, साखरेच्या पाकात रंगवलेले, आणि ते करवंद आहे हे त्याला ठाऊकही नसते.

आता औषधी दुकानदार बंधूंसाठी थोडे स्पष्ट. वारंवार होणारा मूत्रमार्गाचा संसर्ग टाळण्यास क्रॅनबेरीचा उपयोग होतो, आणि त्यात बालकेही येतात, असा निष्कर्ष २०२३ च्या कॉक्रेन आढाव्याने काढला आहे. तो नाकारण्याचे कारण नाही. परंतु हे प्रतिबंधापुरते आहे. झालेला संसर्ग तिने बरा होतो असे कोणी मानू नये. लहान मुलाला कारण न सापडणारा ज्वर असेल, लघवीच्या वेळी ते रडत असेल, तर बाटली विकण्याआधी मूत्रपरीक्षा व बालरोगतज्ज्ञाचा सल्ला सांगावा. उपचारास विलंब झाला तर वृक्कावर कायमचा व्रण राहू शकतो. साखरेत मुरवलेल्या सुक्या क्रॅनबेरीत निम्म्याहून अधिक वजन साखरेचेच असते, हेही ग्राहकास सांगितले पाहिजे. शिवाय अगदी लहान बालकास ती अख्खी देऊ नये, घशात अडकण्याचा धोका असतो.

चैत्र-वैशाखात करवंदे बाजारात येतात. त्या दिवसांत चिकित्सालयात येणाऱ्या मातांना मी एवढेच सुचवतो की पाटीभर करवंदे घरी न्यावीत, मुलाला ती धुऊ द्यावीत, कोंबडा-कोंबडी खेळू द्यावे, बिया काढू द्याव्यात आणि गूळ घालून शिजवताना पातेल्याशेजारी, विस्तवापासून हातभर दूर, त्याला उभे करावे.