शब्दाचे मूळ आणि शब्दाची वाट

वर्धा आणि वैनगंगा यांच्या मधल्या पट्ट्यातल्या गोंडपिपरीच्या नावात ‘गोंड’ आहे, एवढ्यावरून ते नाव गोंडी ठरत नाही. ‘पिपरी’ महाराष्ट्रभरच्या पिंपरी-पिंपळगावांच्या कुळातली. आणि ज्यांना आपण गोंड म्हणतो, ते स्वतःला कोइतूर म्हणवतात. वैनगंगा ओलांडून आलापल्ली, एटापल्लीकडे गेले की उलट चूक होते. संस्कृत ग्रंथांत ‘पल्ली’ सापडते, म्हणून तिचा उगम संस्कृत असे आपण सहज म्हणतो. पण तोच शब्द तमिळमध्ये ‘पळ्ळि’, कन्नडमध्ये ‘हळ्ळी’, तेलुगूत ‘पल्ले’ असा आहे. तमिळ-कन्नडात ‘ल’ आणि ‘ळ’ दोन्ही असताना संस्कृतातला ‘ल्ल’ तिथे बदलण्याचे कारण दिसत नाही. अभिजात संस्कृतात मात्र ‘ळ’ नसल्याने त्याचा ‘ल’ होणे साहजिक होते. बरो आणि एमेनो यांच्या द्राविडी व्युत्पत्तिकोशातही हा शब्द आहे.

म्हणजे सर्वांत जुनी लिखित नोंद हा उगमाचा पुरावा नव्हे. शब्द निदान किती जुना, एवढेच ती सांगते. पिढ्यानपिढ्या मुखोद्गत राहिलेल्या गोंडी-माडियासारख्या भाषा या निकषावर कायम घेणाऱ्याच ठरतात, देणाऱ्या कधीच नाहीत. शिवाय मूळ आणि वाट वेगळी असते. ‘बटाटा’ आपल्याला पोर्तुगीजांनी दिला, पण त्यांना तो शब्द स्पॅनिशमधून आणि स्पॅनिशला कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांकडून मिळाला. ‘तहसील’ अरबीतून फारसीत, तिथून मराठी कारभारात आणि पुढे जंगलातल्या गावांपर्यंत पोहोचला.

यावर कोणी म्हणेल, शतकानुशतके वापरलेला शब्द आपलाच. कुळ उकरून भाषाशुद्धीचे वाद कशाला? शब्द आपला झाला, हे खरेच. शिवकाळातल्या राज्यव्यवहारकोशाने संस्कृत पर्याय दिले, तरी कितीतरी फारसी शब्द मराठीत टिकले आणि त्यात मराठीचे काही बिघडले नाही. शब्द हाकलण्यासाठी उगम शोधायचा नसतोच. कोणाचे देणे आपल्या बोलण्यात आहे, हे प्रामाणिकपणे मान्य करण्यासाठी तो शोधायचा. म्हणून मराठी कोशांनी प्रत्येक शब्दापुढे मूळ भाषा आणि हाती देणारी भाषा वेगवेगळी नोंदवावी. गडचिरोलीत २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे. गोंडी, माडिया आणि झाडीबोली बोलणाऱ्यांच्या सोबतीने या कामाला तिथूनच हात घालता येईल.