गाण्याची मदत आणि हक्काचा पैसा



सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेच्या पुराने माढा-मोहोळची उभी पिके नेली, जमिनी खरवडल्या. अशी आपत्ती आली की कोणी तरी म्हणतो, गाण्यांचा संच काढू, विक्रीतून मदत देऊ. भावनेला आमचा नमस्कार. पण हिशेब मांडू.

१ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कला रविशंकर आणि जॉर्ज हॅरिसन यांनी वादळ व युद्धाने उघड्यावर पडलेल्या बांगलादेशींसाठी मैफल केली. तबकड्या जगभर खपल्या. पण करमाफीचा अर्ज आधी केलेला नव्हता. तबकड्यांचा पैसा अमेरिकेच्या करखात्यात वर्षानुवर्षे अडकला. भूक थोडीच थांबते?

१९७२ च्या दुष्काळात आपली माणसे खडी फोडत होती. त्यांनी काम मागितले. त्याच दुष्काळात रोजगार हमी रुजली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. तिच्या खर्चासाठी १९७५ मध्ये नोकरदार-व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसला. गाणे आवडो न आवडो, हा कर भरावाच लागतो.

गाणी जरूर गा. आम्हीही ऐकू. पण नुकसानभरपाई कायद्याने आणि मुदतीत हवी. प्रत्येक गावाने पंचनाम्याची नक्कल तहसीलदारांकडे लेखी मागावी.