फ्रोडो पळपुटा होता का?

परवा तापासाठी आलेल्या एका कॉलेजच्या मुलाच्या हातात ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ होतं. तपासताना मी सहज विषय काढला, तर म्हणाला, “सर, शेवट नाही पटला. एवढं सगळं करून फ्रोडो घरी येतो आणि मग जहाजात बसून निघून जातो. पळपुटेपणाच ना हा?”

बाहेर गर्दी होती, म्हणून तेव्हा हसून सोडून दिलं. पण एक डॉक्टर म्हणून माझं उत्तर ‘नाही’ असं आहे.

पुस्तक न वाचलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. फ्रोडो हा लहान चणीचा, साधा गावकरी. एक घातक अंगठी ज्वालामुखीत टाकण्याचं काम त्याच्यावर येतं. वाटेत ६ ऑक्टोबरला त्याच्या खांद्यात सुरा भोसकला जातो, १३ मार्चला महाकाय कोळीण डंख मारते. शेवटी अंगठी नष्ट होते आणि तो गावी परततो. पण पुढे त्याच तारखा आल्या की तो आजारी पडतो. गावच्या कारभारातून हळूहळू अंग काढून घेतो, आणि दोनेक वर्षांत गावच सोडतो.

आघाताची तारीख आली की त्रास उसळतो, याला आम्ही ‘अ‍ॅनिव्हर्सरी रिअ‍ॅक्शन’ म्हणतो. लेखक टोल्किन स्वतः १९१६ मध्ये सोमच्या लढाईत होते. पुस्तक आलं १९५४-५५ मध्ये. ‘पीटीएसडी’ हे निदान अमेरिकेच्या अधिकृत यादीत आलं ते १९८० मध्ये! त्याच महायुद्धात ब्रिटिश लष्कराने पळून जाणं, भित्रेपणा अशा आरोपांखाली स्वतःच्याच सैनिकांना गोळ्या घातल्या. त्यांतल्या ३०६ जणांना माफी मिळाली २००६ साली. त्यांच्यातले काही नक्कीच आजारी होते.

पीटीएसडीमध्ये मेंदूतली धोक्याची घंटा बंदच होत नाही. झोप उडते, दचकायला होतं, ती जागा, ती माणसं टाळावीशी वाटतात. हे टाळणं आजाराचं लक्षण आहे. त्याला भित्रेपणा म्हणणं म्हणजे दम्याच्या रुग्णाला “धापा टाकू नकोस” म्हणून दटावणं.

हे मी आज लिहितोय, पण प्रॅक्टिसच्या सुरुवातीला हायवेवर अपघात झालेला एक ट्रकचालक माझ्याकडे आला होता. स्टिअरिंगला हात लावला की घाम फुटायचा. रिपोर्ट नॉर्मल होते. “अहो, हिंमत धरा, पुरुषासारखे पुरुष तुम्ही,” असं म्हणून मी बी-कॉम्प्लेक्स लिहून दिलं. तो पुन्हा आला नाही. त्याने गाडी विकल्याचं नंतर कळलं.

मात्र फ्रोडोचा मार्ग मी कुणाला सुचवणार नाही. टाळत राहिलं की भीती आणखी मुरते. फ्रोडोला उपचार उपलब्ध नव्हते, आपल्याला आहेत: आघातावर केंद्रित समुपदेशन, गरज पडली तर गोळ्या. बऱ्याच जणांना चांगला फरक पडतो. घरच्यांनी एवढंच करावं, “विसर आता” म्हणू नये आणि जबरदस्तीने त्या जागी नेऊही नये. त्रास महिनाभराहून जास्त टिकला तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. सरकारची ‘टेली-मानस’ हेल्पलाइन १४४१६ मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

तो मुलगा शुक्रवारी पुन्हा दाखवायला येणार आहे. या वेळी त्याला जरा जास्त वेळ देईन.