पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी

गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर कोणता फोटो असेल, हे अंक हातात न घेताही सांगता येतं. नऊवारी, नाकात नथ, डोक्यावर फेटा, डोळ्यांवर काळा गॉगल आणि खाली बुलेट. गिरगाव असो, डोंबिवली असो की ठाणे, शोभायात्रेत ढोल-ताशे असतात, लेझीम असते, चित्ररथ असतात. पण कॅमेरे धावतात ते या बायकांकडे. खाली ठरलेला मजकूर असतो, त्यात एखादी रणरागिणी असते, थोडी नारीशक्ती असते. आणखी दोन दिवसांनी त्यांच्यातलीच एखादी त्याच गाडीवरून कामाला निघते तेव्हा सिग्नलला शेजारी थांबलेला गृहस्थ काच खाली करून विचारतो, "मॅडम, गाडी मिस्टरांची का?"

बाई बुलेटवर बसलेली आपल्याला आवडते. ती बुलेटवरून कुठे जायला निघाली की आपल्या चौकश्या सुरू होतात. एकटीच? एवढ्या लांब? घरच्यांना चालतं?

मिरवणुकीतल्या बायकांना नावं ठेवायचं काहीच कारण नाही. चैत्राचं ऊन डोक्यावर, तापलेलं इंजिन पोटऱ्यांना भाजतंय, पुढे लेझीमचं पथक दोन पावलं जातं आणि थांबतं. अशा वेळी जवळजवळ दोनशे किलोची गाडी पहिल्या गिअरमध्ये, क्लच अर्धा दाबून, माणसाच्या चालीनं न्यायची असते. वेगातली गाडी आपला तोल बराचसा आपणच सांभाळते. हळू चालवताना तो चालवणारीला सांभाळावा लागतो. तासाभरात डावा पंजा भरून येतो. ज्यांना हे जमतं त्यांना गाडी येते. नऊवारीचीही अडचण नसते. काष्टा असल्यानं दोन्हीकडे पाय टाकून बसायला ती पाचवारीपेक्षा कितीतरी सोयीची. पुण्याच्या रमिला लटपटे २०२३ मध्ये मोटारसायकलवरून जगप्रवासाला निघाल्या, त्याही नऊवारीतच.

खटकतो तो फेटा. मोटार वाहन कायद्याच्या १२९व्या कलमानुसार दुचाकीवरच्या चार वर्षांवरील प्रत्येकाला हेल्मेट लागतं. पगडी बांधणाऱ्या शिखांना सूट आहे, पाडव्याच्या फेट्याला नाही. त्या दिवशी पोलीसदादाही कौतुकानं बाजूला होतात. सण आहे, तासाभराची मिरवणूक आहे, हे कबूल. पण रस्त्याच्या कडेला बापाच्या खांद्यावर बसलेल्या पोरीच्या मनात मोटारसायकलवाल्या बाईचं पहिलं चित्र बसतं ते उघड्या डोक्याचं. बाईच्या डोक्याबाबत आपण अशी सवलत देत आलो आहोत. शीख समाजाच्या भावनांचं निमित्त होऊन दिल्लीत तर २०१४ पर्यंत सगळ्याच स्त्रियांना हेल्मेट ऐच्छिक होतं. धर्माचा प्रश्न काही जणींचा, धोका मात्र सगळ्याच जणींच्या वाट्याला.

नियमांनाही दुचाकीवरची बाई दिसली ती मागच्या सीटवर. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३वा नियम सांगतो की मागे बसणाऱ्याला धरायला मूठ हवी, पाय ठेवायला जागा हवी आणि कपडे चाकात अडकू नयेत म्हणून निम्मं तरी मागचं चाक झाकलेलं हवं. चाक झाकणारी ती जाळी म्हणजे आपला साडीगार्ड. वस्तू जीव वाचवणारी आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही. मात्र हौशी मंडळी नवी गाडी घरी आणली की सगळ्यात आधी तीच काढतात, कारण काय, तर लूक बिघडतो. मागे बसणारीसाठी एक जाळी होती, तीही गेली. पुढे बसणारीचा विचार तर अजून व्हायचाच आहे.

तो व्हावा कसा, हे पाहायचं तर बायका मोटारसायकल शिकतात कुठे ते विचारावं. मुलगा शिकतो त्याची गोष्ट घरोघरी सारखीच. काकाची नाहीतर थोरल्या भावाची गाडी, सुट्टीतलं शाळेचं मैदान, परवान्याच्या वयाच्या बऱ्याच आधी. तो पडतो, गुडघे सोलून घेतो, टाकीला पोचा काढतो, शिव्या खातो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा किल्ली मागतो. त्याच घरातल्या मुलीला कॉलेजात गेल्यावर स्कूटी मिळते. ड्रायव्हिंग स्कूलच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत असते ती मोटार. गिअरची दुचाकी शिकायची तर घरचाच कुणी मास्तर शोधावा लागतो. म्हणजे मोटारसायकल यायला हवी तर आधी घरातल्या एखाद्या पुरुषाला वेळ हवा, धीर हवा आणि त्याची गाडी दुसऱ्याच्या हाती द्यायची तयारी हवी. तिन्ही एका माणसात सापडणं कठीण. मग मुलगी आरटीओत स्कूटीवरच आठचा आकडा काढते आणि परवान्यावर वर्ग पडतो तो बिगरगिअरच्या मोटारसायकलचा. पुढे कधी बुलेट चालवावीशी वाटली तर नवा वर्ग जोडून घ्यायचा, पुन्हा शिकाऊ परवाना, पुन्हा आठचा आकडा. निम्म्या जणींचा उत्साह तिथेच मावळतो.

बायकांना हे जमत नाही म्हणावं, तर २०१८च्या प्रजासत्ताक दिनी सीमा सुरक्षा दलाच्या 'सीमा भवानी' पथकानं राजपथावर बुलेटच्या कसरती करून दाखवल्या. त्यांतल्या कित्येक जणींनी दलात येण्यापूर्वी मोटारसायकल हातात धरलेली नव्हती. दलाच्या टेकनपूरच्या अकादमीत त्यांना मैदान मिळालं, शिकवणारा मिळाला, गाडी मिळाली आणि पडायची मुभा मिळाली. घरातल्या मुलाला हे सगळं न मागता मिळतं.

कुणी म्हणेल, गिअरचा हट्ट कशाला? स्कूटर आहे की. स्कूटरचे उपकार मोठेच आहेत. अहमदनगरच्या कायनेटिकनं १९७२ मध्ये लुना आणली. पॅडल मारून सुरू व्हायची, पन्नास सीसीची. मास्तरणी, नर्सबाई, बँकेतल्या बाई तिच्यावरून कामाला जाऊ लागल्या. पुढे बटणावर सुरू होणारी कायनेटिक होंडा आली, स्कूटी आली, अॅक्टिव्हा आली. पुण्याचे रस्ते ओढणी गुंडाळलेल्या चेहऱ्यांनी भरून गेले आणि त्याचं कुणाला काही वाटेनासं झालं. लुनावरच्या बाईची कुणी मिरवणूक काढली नाही, तिला रणरागिणी म्हटलं नाही. पेट्रोल परवडतंय, बसची वाट पाहावी लागत नाही, पोराला पाळणाघरातून वेळेत आणता येतं, एवढ्यावर ती गाडी घरात आली आणि राहिली. ज्या बदलाचं कौतुक झालं नाही, तोच पक्का झाला.

पण स्कूटर गावात जेवढी बरी, तेवढी हायवेला नाही. तिची लहान चाकं खड्ड्यात जिथे आपटतात, तिथे मोटारसायकलचं अठरा-एकोणीस इंची चाक तो ओलांडून जातं. ट्रकच्या वाऱ्यानं हलकी गाडी ढकलली जाते, जड गाडी वाट धरून राहते. आणि ही कारणं नसती तरी बिघडत नव्हतं. आवडतं म्हणून चालवते, एवढं उत्तर पुरुषाकडून आपण मुकाट्यानं ऐकून घेतोच.

अडचण उंचीची आहे, हे मात्र खरं. आपल्याकडच्या बाईची सरासरी उंची पाच फुटांच्या आसपास. बुलेटच्याच कंपनीच्या क्लासिक साडेतीनशेची सीट जमिनीपासून सुमारे ८०५ मिलिमीटरवर आणि वजन १९५ किलोच्या घरात. दोन्ही टाचा टेकणं सोडाच, चवडेही नीट टेकत नाहीत. जुन्या चालवणाऱ्या यावर सांगतात की दोन पायांचा नाद सोड. थांबताना सीटवरून थोडं डावीकडे सरकायचं, डावा पाय अख्खा टेकवायचा, उजवा मागच्या ब्रेकवर. कुठे थांबायचं ते आधी हेरायचं, उताराकडे तोंड करून पार्किंग करायचं नाही, खडीवर हँडल वळवून पुढचा ब्रेक दाबायचा नाही. उंची वाढत नाही, अक्कल वाढते.

ही अक्कल पुस्तकात नाही. ती मिळते रायडर मंडळींत, आणि इथे या मंडळींचं देणं मान्य करायला हवं. द्रुतगती मार्ग दुचाकीला बंद, तेव्हा जुन्या मुंबई-पुणे रस्त्यानं, नाहीतर पुण्याहून ताम्हिणीला, वरंधाला रविवारी पहाटे निघणारे हे घोळके लांबून उनाड वाटतात, पण आत शिस्त असते. पुढे लीड, शेवटी स्वीप, मधले सगळे एकाआड एक डावी-उजवी बाजू धरून. पुढच्यानं पाय खाली करून दाखवला की तिकडे खड्डा. स्वीपच्या मागे कुणी राहायचं नाही. एकटीला ज्या रस्त्याची धास्ती वाटते, तो रस्ता दहा जणांत दोनदा केला की तिसऱ्यांदा एकटीनं होतो.

या मंडळींत खोडही आहे. बाई आली की तिला न विचारता रांगेच्या मध्ये घालतात आणि फोटोला मात्र पुढे उभं करतात. चहाच्या टपरीवर गाडी काढायला गेलं की कुणीतरी हसतमुखानं हँडलला हात घालतो, "थांबा, मी वळवून देतो." हेतू चांगला असतो. पण दर वेळी वळवून मिळालेली गाडी तिला कधीच वळवता येत नाही.

म्हणून बायकांचे वेगळे गट निघाले. २०११ मध्ये पुण्यात सुरू झालेला 'बायकर्नी' हा त्यांतला नावाजलेला. अशा गटांत सगळ्यात मोलाचा धडा असतो तो पडलेली गाडी उचलण्याचा. एखाद्या रिकाम्या पार्किंगमध्ये गाडी मुद्दाम आडवी करतात. आधी इंजिन बंद. गाडी उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच उघडायचा, म्हणजे उभी होऊन पलीकडे कलंडली तरी स्टँडवर थांबेल. गिअर पडलेला हवा, म्हणजे चाक फिरणार नाही. हँडल पूर्ण वळवायचं, सीटला पाठ लावून उकिडवं बसायचं, एक हात हँडलच्या मुठीला, दुसरा मागच्या पकडीला. मग कंबर न वाकवता, हातांनी न ओढता, पायांच्या जोरावर मागे मागे चालत यायचं. गाडी उभी राहते. पन्नास किलोची बाई दोनशे किलोची गाडी उचलते आणि त्यात ताकदीचा भाग थोडाच असतो. हे एकदा जमलं की 'पडली तर काय' या भीतीचा निकाल लागतो. दरवर्षी ८ मार्चला गुलाबी टी-शर्ट वाटून, पुढाऱ्याच्या हातून झेंडा दाखवून निघणाऱ्या रॅलींपेक्षा हा एक तास जास्त कामाचा.

राहिला तो मुद्दा, जो फोटोत येत नाही. पेट्रोल पंपावर ग्राहकांसाठी स्वच्छतागृह असणं तेल कंपन्यांच्या नियमांनुसार बंधनकारक आहे. लांब पल्ल्याच्या बायकांना ते पाठ असतं, कारण त्यांना ते रोज सांगावं लागतं. पंपावर पाटी असते, दार असतं, दाराला कुलूप असतं. चावी मॅनेजरकडे, मॅनेजर जेवायला. उघडलंच तर कडी नाही, पाणी नाही. परिणामी एप्रिलच्या उन्हात, जाडजूड जॅकेट चढवून, बाई पाणी प्यायचं टाळते. डोकं गरगरू लागतं, नजर जड होते आणि पुढे अपघात झाला तर पंचनाम्यात कारण लिहिलं जातं ते 'ताबा सुटला'. कुलूप कुठेच नोंदलं जात नाही.

यातलं काहीच सुधारायला अवघड नाही. आरटीओनं बायकांसाठी गिअरच्या दुचाकीचे वर्ग घ्यावेत. कंपन्यांनी आपल्या सीटची उंची पाच फुटांच्या बाईला बसवून मोजावी. रायडर गटांनी तिला कधी लीड, कधी स्वीप करावं आणि हँडलवरचा हात काढावा. पण हे सगळं येईल तेव्हा येईल. पहिली किल्ली घरातच असते. मुलगी अठराची झाली, शिकाऊ परवाना निघाला, की हेल्मेट आणि किल्ली दोन्ही तिच्या हातात द्यावी आणि मैदानाच्या कडेला उभं राहावं. गाडी पडेल, टाकीला पोचा येईल. पोराच्या पोच्यांचा खर्च आजवर कुठल्या बापानं वहीत मांडला होता?