मृग लागायच्या आत, सुदानच्या लेकरांसाठी



अक्षय तृतीयेच्या सकाळी सेवाग्रामहून आम्ही काही जण सायकलींवर निघतो आहोत. त्यात शिक्षक आहेत, शेतकरी आहेत, एक निवृत्त परिचारिका आहे, कॉलेजातली पोरंपोरी आहेत. पवनार, सेलू, देवळी, पुलगाव, आर्वी, हिंगणघाट, समुद्रपूर या बाजूच्या गावांतून फिरत आम्ही तुमच्या दारात येणार आहोत आणि सुदानमधल्या उपाशी लेकरांसाठी मागणार आहोत. मृग लागायच्या आत हे काम झालं पाहिजे. एवढी घाई का, ते आधी सांगतो.

सुदानातही पाऊस आपल्यासारखाच जून ते सप्टेंबर पडतो. पश्चिमेच्या दारफूर भागात एरवी कोरडे असलेले नाले भरून वाहू लागतात, कच्चे रस्ते बंद होतात, चाडच्या सीमेवरून धान्य घेऊन आलेले ट्रक चिखलात अडकून पडतात. आणि नेमके हेच महिने तिथल्या घरांतली कणगी रिकामी असण्याचे. नवी ज्वारी, बाजरी हाती यायला ऑक्टोबर उजाडतो. ज्याने पेरलंच नाही, त्याला तर ऑक्टोबरही नाही. पेरणीच्या तोंडाशी घरात काय उरलेलं असतं, हे वर्धा जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला दुसऱ्याने सांगायची गरज नाही. जे पोचवायचं ते पावसाआधी पोचलं पाहिजे. नंतर पाठवलेला पैसा त्या पोराच्या तोंडापर्यंत जायला महिने लागतात, आणि त्याच्याजवळ महिने नसतात.

१५ एप्रिल २०२३ ला राजधानी खार्तूममध्ये लष्कर आणि ‘रॅपिड सपोर्ट फोर्सेस’ नावाचं निमलष्करी दल यांच्यात लढाई पेटली. ती देशभर पसरली. एक कोटीहून जास्त माणसं घरादाराला मुकली, आणि त्यांत जवळजवळ निम्मी मुलं आहेत. दीड कोटीहून अधिक मुलांची शाळा सुटली. ऑगस्ट २०२४ मध्ये दारफूरमधल्या एल फाशेर शहराजवळच्या झमझम या विस्थापितांच्या छावणीत दुष्काळ पडल्याचं अधिकृतपणे जाहीर झालं. जगात दुष्काळाची अशी घोषणा फार क्वचित होते. तिचे निकष इतके कडक आहेत की ती होईपर्यंत पुष्कळ लेकरं आधीच गेलेली असतात. एल फाशेरला वेढा पडून दीड वर्ष लोटलं. लोकांनी तिथे जनावरांची पेंड खाऊन दिवस काढले. ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस ते शहर पडलं, आणि पाठोपाठ नोव्हेंबरात एल फाशेर आणि काडुगली या दोन्ही शहरांत दुष्काळ असल्याचं जाहीर झालं. आपल्याकडच्या बातम्यांत या सगळ्याला किती जागा मिळाली, ते तुम्हीच आठवून पाहा. मला याचा राग येतो, आणि तो लपवावा असं वाटत नाही.

असं उपाशी मूल वाचवता येतं का? येतं. आपल्या अंगणवाडीच्या ताईंकडे एक रंगीत पट्टी असते. सहा महिने ते पाच वर्षांच्या बाळाच्या दंडाला ती गुंडाळतात. घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेला की पट्टी लाल दाखवते, म्हणजे मूल अतितीव्र कुपोषित. हीच पट्टी दारफूरमध्ये वापरतात. असं मूल साध्या जेवणाने सावरत नाही. त्याला शेंगदाण्याची पेस्ट, दूध पावडर, साखर, तेल आणि जीवनसत्त्वं घालून केलेलं एक खास अन्न देतात. ते पाकिटात येतं. शिजवावं लागत नाही, त्यात पाणी मिसळावं लागत नाही, फ्रिज लागत नाही. जिथे पाणी गढूळ आणि चूल विझलेली आहे तिथेही आई पाकिटाचा कोपरा फाडून ते बाळाला चाटवू शकते. एका पाकिटात ९२ ग्रॅम अन्न आणि ५०० कॅलरी असतात. सहा ते आठ आठवड्यांत बहुतेक मुलं सावरतात. एका मुलाला साधारण एक खोकं लागतं, म्हणजे १५० पाकिटं. एका पाकिटाला अंदाजे पंचवीस-तीस रुपये धरले, तर एका लेकराचा जीव पावणेचार ते साडेचार हजारांत वाचतो, वाहतूक निराळी. आपल्या एखाद्या बारशाच्या जेवणावळीचा खर्च याहून जास्त होतो.

आता तो प्रश्न, जो प्रत्येक गावात विचारला जाईल आणि विचारलाच पाहिजे. मेळघाटात पोरं मरतात, विदर्भात कर्जापायी गेलेल्या शेतकऱ्यांची लेकरं उघडी पडली आहेत, मग सुदान कशाला? प्रश्न खरा आहे. आमच्यातली काही माणसं धारणी-चिखलदऱ्याच्या पाड्यांवर राबून आलेली आहेत आणि पुन्हा जाणार आहेत. मेळघाटासाठी देत असाल तर त्यातला एक रुपयाही कमी करू नका. पण फरक लक्षात घ्या. मेळघाटातल्या बाळासाठी अंगणवाडी आहे, प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. तिथे काम नीट होत नसेल तर विधानसभेत जाब विचारता येतो, उच्च न्यायालयात जाता येतं, आणि लोकांनी ते केलेलंही आहे. एल फाशेरमधून पायी पळालेल्या आईने कोणाला जाब विचारायचा? ज्यांच्या हाती बंदुका आहेत, त्यांचीच दोन्ही सरकारं. अशा वेळी अनोळखी माणसाने दिलेल्या अन्नाशिवाय तिच्यापाशी काही नसतं.

शिवाय त्या प्रदेशाचं आपल्यावर देणं आहे. ज्वारी मूळची ईशान्य आफ्रिकेची. सुदानच्या पूर्व भागात पाच हजार वर्षांपूर्वी ती पिकवली जात होती, याचे पुरावे सापडले आहेत. तिथून ती हजारो वर्षांपूर्वी भारतात आली, आणि आपल्या कित्येक पिढ्या तिच्या भाकरीवर वाढल्या. सुदानी माणूस आजही ज्वारीच खातो. तिच्या आंबवलेल्या पिठाची पातळ पोळी करतो, तिला किसरा म्हणतात. निळ्या आणि पांढऱ्या नाईलच्या मधल्या गेझिरा भागात शंभर वर्षांपूर्वी इंग्रजांनी कालवे काढून कापूस लावला, तो मँचेस्टरच्या गिरण्यांसाठी. वर्ध्या-हिंगणघाटच्या कापसाचीही कहाणी अशीच आहे. ज्वारी आणि कापूस पिकवणारी, पावसाकडे डोळे लावून बसणारी ती माणसं आहेत. मला ती परकी वाटत नाहीत.

आफ्रिकेचं दुसरं देणं जवळच्या काळातलं आहे. १९३० साली महर्षी धोंडो केशव कर्वे बहात्तर वर्षांचे होते. त्यांनी काढलेल्या स्त्रियांच्या विद्यापीठासाठी पैसा हवा होता. त्या वर्षीच्या डिसेंबरात ते आफ्रिकेला निघाले आणि सुमारे सव्वा वर्ष फिरले: मोंबासा, युगांडा, टांगानिका, झांजीबार, पोर्तुगीज पूर्व आफ्रिका, दक्षिण आफ्रिका. हे वय नातवंडं खेळवायचं, आणि तो माणूस त्या काळच्या बोटींतून, आगगाड्यांतून, गावोगावच्या हिंदी वस्त्यांत जाऊन मुलींच्या शिक्षणासाठी बोलत होता. देणारे तिथले भारतीय होते, हे खरं. पण ती कमाई आफ्रिकेच्या मातीतली होती, आणि तिच्या बळावर महाराष्ट्रातल्या मुली शिकल्या.

त्याच्या वीस वर्षं आधी पैसा इकडून तिकडे गेला होता. दक्षिण आफ्रिकेत गांधीजींच्या सत्याग्रहातली माणसं तुरुंगात जाऊ लागली, तेव्हा त्यांची बायकामुलं सांभाळायची कशी, हा प्रश्न होता. १९१० मध्ये जोहान्सबर्गजवळ गांधीजींचे मित्र हर्मन कॅलनबाख यांच्या अकराशे एकर जमिनीवर टॉल्स्टॉय फार्म उभं राहिलं. तिथे ती कुटुंबं राहिली, तिथली मुलं गांधीजींकडे शिकली. या लढ्यासाठी हिंदुस्थानात पैसा उभा केला तो गोपाळ कृष्ण गोखल्यांनी. सर रतन टाटांनी १९०९ मध्ये पंचवीस हजार रुपये दिले. १९१३ मध्ये नाताळच्या खाणींतले आणि उसाच्या मळ्यांतले हजारो मजूर संपावर गेले, तेव्हा मधुमेहाने पोखरलेले गोखले अंथरुणावरून उठून निधीसाठी धडपडले. सव्वा वर्षातच, फेब्रुवारी १९१५ मध्ये, ते गेले.

आणि वर्ध्याबद्दल तर तुम्हाला काय सांगायचं! ७ नोव्हेंबर १९३३ ला गांधीजींचा अस्पृश्यतेविरुद्धचा हरिजन दौरा वर्ध्याहूनच निघाला. नऊ महिन्यांत साडेबारा हजार मैल, म्हणजे सुमारे वीस हजार किलोमीटर. ओरिसात तर ते पायीच चालले. आठ लाख रुपये जमले, आणि त्यातले पुष्कळसे गरिबांच्या हातचे आणे-पैसे होते. बांगडी मिळाली तर बांगडी घेतली, सही हवी असेल तर पाच रुपये मागितले. पुढे २२ फेब्रुवारी १९४४ ला कस्तुरबा गेल्या. त्यांच्या नावाने खेड्यांतल्या बायका आणि मुलांसाठी पंचाहत्तर लाखांचा निधी उभारायचं ठरलं होतं. २ ऑक्टोबर १९४४ ला तो इथेच, सेवाग्रामला, गांधीजींच्या हाती दिला गेला, तेव्हा आकडा एक कोटीच्या वर गेला होता. युद्ध आणि महागाई असताना, बंगालच्या दुष्काळात लाखो माणसं मेल्यावर अवघ्या वर्षभरात, या गरीब देशाने तो दिला.

आता देण्याची रीत. इथे नीट लक्ष द्या.

आम्ही रोख पैसे घेणार नाही. आमचं कुठलं खातं नाही, पावतीपुस्तक नाही, क्यूआर कोड नाही. आमच्या नावाने कोणी तसं काही दाखवलं तर त्याला एक रुपयाही देऊ नका आणि सरळ पोलिसांत कळवा. इथे वर्गणी गोळा करून परदेशी पाठवायला कायद्याची बरीच बंधनं आहेत, आणि ती पाळलीच पाहिजेत. पण तुम्हाला स्वतःच्या खात्यातून स्वतःच्या नावाने परदेशी देणगी देता येते. रिझर्व्ह बँकेचे नियम त्याला परवानगी देतात. प्राप्तिकरात सूट मिळेल असं मात्र धरून चालू नका. युनिसेफ, जागतिक अन्न कार्यक्रम, ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्था सुदानात काम करतात. ज्यांच्या बँक कार्डावर परदेशी व्यवहाराची सोय सुरू आहे, त्यांना या संस्थांच्या अधिकृत संकेतस्थळावर देणगी कशी द्यायची ते आम्ही तुमच्या ओट्यावर बसून दाखवू. पैसे तुमच्याच फोनवरून जातील, पावती तुमच्याच नावाने येईल.

ज्या घरात असं कार्ड नाही, त्या घराला विनोबांनी एक वाट दाखवून ठेवली आहे. सर्वोदय पात्र: घरातल्या लहान मुलाच्या हाताने रोज मूठभर धान्य एका भांड्यात टाकायचं. तसाच एक डबा ठेवा. पोराच्या हाताने त्यात रोज पाच रुपये, दोन रुपये, जमेल ते पडू दे. पुण्याला, नागपूरला नोकरीला असलेला मुलगा किंवा मुलगी सुट्टीत घरी येईल तेव्हा डब्यातला पैसा मोजून त्यांच्या हाती द्या, आणि तेवढी रक्कम त्यांच्या कार्डावरून तुमच्यासमोर पाठवायला लावा. लग्नसराई आहे. ज्या मांडवात अहेर नको असं छापलं असेल, तिथे वर-वधूंनी सुदानच्या मुलांसाठी द्या असं सांगितलं, तर पाहुणे नाही म्हणणार नाहीत.

परदेशातल्या मराठी घरांना वेगळी विनंती आहे. नैरोबी, दारेसलाम, दुबई, लंडन, न्यू जर्सी, जिथे असाल तिथे तुम्हाला इथली ही बंधनं नाहीत. तुम्हाला देणं मिनिटभराचं काम आहे. सुदानात शेजारपाजारच्या तरुणांनी ‘इमर्जन्सी रिस्पॉन्स रूम्स’ नावाने गट उभे करून वस्त्यावस्त्यांत सामुदायिक स्वयंपाकघरं चालवली आहेत. गोळीबारात त्यांनी जेवण रांधलं, त्यात काहींचे जीव गेले. २०२५ मध्ये त्यांना ‘राइट लाइव्हलीहूड’ पुरस्कार मिळाला. पैसे संपले की ती चूल बंद होते. त्यांना थेट मदत करणाऱ्या संस्था काही देशांत आहेत. खात्री करून घ्या आणि त्यांना द्या.

सरपंचांना, ग्रामसेवकांना, शाळेच्या गुरुजी-बाईंना विनंती: आम्ही येऊ त्या संध्याकाळी, रानातली माणसं परतल्यावर, अर्धा तास सभा भरवा. आदल्या दिवशी दवंडी द्या किंवा गावाच्या व्हॉट्सॲप गटावर टाका. अंगणवाडीच्या ताईंना त्यांची पट्टी घेऊन यायला सांगा. ती लाल खूण गावाने एकदा पाहू दे. आमचं जेवण करू नका, हारतुरे नकोत, प्यायला पाणी पुरे. कार्ड असलेल्यांनी परदेशी व्यवहाराची सोय आधीच बँकेतून सुरू करून ठेवावी, म्हणजे त्याच संध्याकाळी पैसे जातील. ज्यांना आमच्याबरोबर दोन-चार गावं यायचं आहे त्यांनी आपली सायकल, टोपी आणि पाण्याची बाटली घेऊन अक्षय तृतीयेला सकाळी सहा वाजता सेवाग्रामच्या आश्रमासमोर यावं.