विरळ केसांना तेल किती पुरे पडते?



बाळंतपणाला तीन-चार महिने झाले की कंगव्यात केसांचा पुंजका येऊ लागतो. मुलीच्या लग्नाची बोलणी सुरू असतील तर भांग रुंद दिसतो म्हणून अम्मीची झोप उडते. मग कोणी कलौंजीचे तेल सुचवते, कोणी जैतूनचे, कोणी रोगन बादाम. शेजारच्या खाला एरंडेल आणि कांद्याच्या रसावर ठाम असतात. पाहता पाहता घरात पाच-सहा बाटल्या जमतात. या तेलांचा उपयोग आहे का? आहे, पण तो कुठवर आहे ते समजून घेतले तर पैसा वाचेल आणि आजारही वेळेवर कळेल.

रोज ५० ते १०० केस गळणे नैसर्गिक आहे. आपल्याला दिसतो तो केस निर्जीव असतो. जिवंत असते ते त्वचेखालचे मूळ. तेलाचे खरे काम या वरच्या केसावर होते. २००३ साली मॅरिको कंपनीच्या मुंबईतील संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल तेल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. धुण्याआधी खोबरेल लावलेल्या केसांतून प्रथिने कमी झिजली. इतर दोन तेलांनी तसे झाले नाही. प्रयोग खोबरेल विकणाऱ्या कंपनीचा होता हे ध्यानात ठेवावे. तरी न्हाण्याआधी तेल लावायची जुनी पद्धत बरोबरच आहे. केस कमी तुटतात, त्यामुळे दाट दिसतात.

नवे केस उगवण्याबाबत पुरावा थोडा आहे. इराणमध्ये २०१५ साली टक्कल पडू लागलेल्या १०० पुरुषांवर प्रयोग झाला. निम्म्यांना रोझमेरीचे तेल आणि निम्म्यांना २ टक्के मिनॉक्सिडिल हे औषध दिले. तीन महिन्यांत फरक दिसला नाही. सहा महिन्यांनी दोन्हीकडे केस थोडे वाढले होते. कांद्याच्या रसाचा प्रयोग २००२ साली बगदादमध्ये झाला. रस लावणाऱ्या २३ जणांपैकी २० जणांचे केस सहा आठवड्यांत उगवले. पण ते रुग्ण चाईचे होते, म्हणजे गोल चकता पडून केस गेलेले. सगळीकडून विरळ होणाऱ्या केसांना तो हिशेब लागू होत नाही. आपल्या नगर जिल्ह्यात कांद्याला तोटा नाही, पण रोज रस चोळून टाळूची आग करून घेऊ नये.

घरी करता येईल असे साधे तेल म्हणजे माक्याचे. ओढ्याकाठी, पाटाच्या कडेला माका मिळतो. पाने धुऊन सावलीत सुकवावीत. पाव लिटर खोबरेलात मूठभर पाने टाकून मंद आचेवर ठेवावे. चुरचुर आवाज थांबला की पाण्याचा अंश गेला असे समजावे आणि तेल गाळून कोरड्या बाटलीत भरावे. यामुळे नवे केस येतीलच असे नाही, पण न्हाण्याआधी चोळायला ते चांगले. रोझमेरीचे तेल वापरायचे असेल तर ते कधीही नुसते लावू नये. दोन मोठे चमचे खोबरेलात दहा-बारा थेंब पुरेत. कोणतेही नवे तेल आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस पाहावे.

काही पथ्ये पाळावीत. कोंडा असेल तर तेल दिवसेंदिवस डोक्यात ठेवू नये, कारण कोंडा वाढवणारी बुरशी तेलावरच पोसते. न्हाण्याआधी तासभर लावावे आणि धुऊन टाकावे. ओले केस घट्ट बांधून वर ओढणी किंवा स्कार्फ घेऊ नये. रोजच्या ताणलेल्या अंबाड्याने कपाळावरची केसांची रेघ मागे सरकते. तापवलेले तेल हातावर घेऊन पाहिल्याशिवाय टाळूला लावू नये.

आता मुख्य गोष्ट. २०२५ च्या जानेवारीत बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड अशा गावांत लोकांचे केस काही दिवसांत झडू लागले. आधी पाण्याकडे बोट दाखवले गेले. पुढे महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर यांनी तपासण्या करून, रेशनच्या गव्हातील जास्तीचे सेलेनियम हे कारण असल्याचा निष्कर्ष मांडला. अशा वेळी कोणते तेल काय करणार? कारण शरीराच्या आत असेल तर उपायही आतूनच करावा लागतो.

आपल्याकडचे नेहमीचे कारण मात्र कमतरतेचे आहे. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. लोह कमी असणे, थायरॉइडचा बिघाड, मासिक पाळीत जास्त रक्त जाणे, डेंग्यू-टायफॉइडसारखा ताप या सगळ्यांत केस गळतात. तापानंतरची गळती दोन-तीन महिन्यांनी सुरू होते, म्हणून तिचा संबंध लक्षात येत नाही. ती आणि बाळंतपणानंतरची गळती बहुधा सहा महिने ते वर्षभरात आपोआप थांबते. त्या काळात जे तेल हातात असते, त्यालाच श्रेय मिळते.

म्हणून केसांबरोबर थकवा, धाप, पाळीचा त्रास किंवा वजनात बदल असेल, चकते पडत असतील, किंवा गळती सहा महिन्यांनंतरही थांबत नसेल, तर डॉक्टरांना दाखवावे. हिमोग्लोबिनची तपासणी आणि लोहाच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतात, आशाताईंना विचारावे. जेवणात बाजरीची भाकरी, पालेभाजी, डाळ, अंडी, खजूर, अळीव असावे. वर लिंबू पिळावे आणि जेवणाला लागून चहा घेऊ नये.

घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना एक विनंती. सुनेचे केस गळताना दिसले तर तिला तेल जरूर चोळून द्या. पण सगळ्यांचे जेवण उरकल्यावर तिच्या ताटात काय उरते, तेही एकदा पाहा. अंडे किंवा गोश्तचा तुकडा तिच्यासाठी आधीच बाजूला काढून ठेवा.