खुशामत करणाऱ्याला ढीगभर नावं, करवून घेणाऱ्याला?

इंग्रजीची एक गंमत बघा. लोणी लावणं या एका कामासाठी त्या भाषेत इतके शब्द आहेत की मोजता मोजता दमायला होतं. फ्लॅटरी आणि बटरिंग तर आपल्या बोलण्यातही आलेत. त्यापुढं टोडी, सायकोफंट, लिकस्पिटल, बूटलिकर, ब्लार्नी, काउटाउ, सॉफ्ट सोप, स्मार्मी... यादी अजून संपलेली नाही. आणि यातल्या कित्येक शब्दांच्या पोटात एकेक गोष्ट आहे.

टोडी घ्या. टोड म्हणजे तो अंगावर गाठी असलेला बेडूक. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये औषधं विकणारे भोंदू वैदू फिरायचे आणि सोबत एक पोऱ्या असायचा. हा बेडूक विषारी, अशी लोकांची समजूत. पोऱ्या गर्दीसमोर तो खायचा, किंवा खाल्ल्याचं नाटक करायचा, आणि मालक आपलं औषध पाजून त्याला 'वाचवायचा'. मालकाचा माल खपावा म्हणून बेडूक गिळणारा तो टोड-ईटर. पुढं त्याचाच टोडी झाला. हा शब्द आपल्या देशातही गाजला. स्वातंत्र्याच्या चळवळीत इंग्रजांच्या पुढंपुढं करणाऱ्यांना बघून लोक 'टोडी बच्चा हाय हाय' म्हणून ओरडायचे. साहेबाच्या भाषेतली शिवी, साहेबाच्याच माणसाला!

सायकोफंट त्याहून जुना. प्राचीन अथेन्समध्ये खोट्या फिर्यादी करून पैसे उकळणाऱ्याला हे नाव होतं. इंग्रजीत येऊन त्याचा अर्थ खुशमस्कऱ्या असा झाला. दोन अर्थ वेगळे वाटतात ना? कुठल्याही ऑफिसात चार दिवस बसून बघा. साहेबांशी गोड बोलणारा आणि दुसऱ्यांबद्दल साहेबांचे कान भरणारा, बहुतेक वेळा एकच निघतो.

'करी फेवर' ऐकून आपल्या डोळ्यासमोर रस्सा येतो. पण इथं करी म्हणजे घोड्याला खरारा करणं. चौदाव्या शतकातल्या एका फ्रेंच काव्यात फोव्हेल नावाचा घोडा आहे. नावातलं एकेक अक्षर एकेका दुर्गुणाचं आणि पहिलं अक्षरच खुशामतीचं. राजेरजवाडे काय, पोप काय, सगळे त्याला खरारा करायला धावतात. पुढं इंग्रज लोक घोडा विसरले, फोव्हेलचं फेवर झालं आणि खरारा तेवढा चालू राहिला.

आता काउटाउ. ही चिनी बादशहाच्या दरबारातली रीत. गुडघे टेकायचे आणि कपाळ जमिनीला लावायचं. १८१६ साली लॉर्ड अ‍ॅमहर्स्ट इंग्लंडचा वकील म्हणून गेला. त्यानं हे करायला नकार दिला आणि बादशहाची भेट न होताच त्याला परत फिरावं लागलं. म्हणजे सक्ती बादशहाची. पण इंग्रजीत बदनाम कोण झालं? वाकणारा. वाकवणारा नाही.

मुद्दा इथं आहे. थुंकी चाटणारा, बूट चाटणारा, बेडूक गिळणारा: सगळी नावं खालच्या माणसाला. तेच काम वरच्या माणसानं केलं की शब्द एकदम पालटतात. तो गोड बोलून लोकांना आपलंसं करतो तेव्हा तो चार्म असतो. हा शब्द मूळ लॅटिनमधल्या गाण्याच्या, मंत्राच्या शब्दावरून आलाय. त्याच्याकडं ग्लॅमर असतं, म्हणजे मूळ अर्थानं जादू. त्याच्याकडं करिष्मा असतं, म्हणजे देवानं दिलेली देणगी. या करिष्म्यातूनच हल्लीच्या पोरांनी 'रिझ' काढला आणि ऑक्सफर्डनं २०२३ चा शब्द म्हणून त्याचा सन्मान केला. गोड बोलणं दोघांचंही, पण गरजवंतानं केलं तर लाळ आणि सत्तावानानं केलं तर जादू.

आपली मराठी तरी कुठं मागं आहे? हुजऱ्या, भाट, लाळघोट्या, तोंडपुज्या, हांजी हांजी करणारा. सगळी बोटं खाली. आणि खुशामत ज्याला लागते त्याला आपण काय म्हणतो? स्तुतिप्रिय. किती सभ्य शब्द! बायोडाटात घातला तरी खपून जाईल.

तरी दोन ठिकाणी आपल्या लोकांनी नेमकं बोट ठेवलंय. एक, हरभऱ्याच्या झाडावर चढवणं. हरभरा केवढा, तर गुडघ्याएवढा. इथं हसू होतं ते चढणाऱ्याचं. दुसरा शब्द चमचा. पुणे कराराला ५० वर्षं झाली तेव्हा, म्हणजे १९८२ मध्ये, कांशीराम यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिलं आणि नाव ठेवलं 'द चमचा एज'. इंग्रजीत एवढे शब्द पडलेले असताना त्यांना शीर्षकासाठी चमचाच हवा होता. कारण चमचा आपला आपण हलत नाही, तो हलवायला दुसऱ्याचा हात लागतो. आणि आपला चमचा आपल्याच समाजाविरुद्ध वापरला जातो, ही त्यांची तक्रार होती. चमचा म्हटलं की नजर आपोआप हाताकडं जाते.

आता आपल्या चौकात या. वाढदिवसाचा फ्लेक्स लागलाय. वर साहेबांचा भलामोठा फोटो, 'कार्यसम्राट', 'विकासपुरुष', आणि खाली शुभेच्छुकांचे पासपोर्ट साइजचे पंचवीस चेहरे. आपण हसतो कुणाला? त्या पंचवीस पोरांना. पण त्यातल्या एकाला गाळा पाहिजे असतो, एकाला छोटंसं काम, एकाच्या आईचं घरकुल अडकलेलं असतं. जे नियमानं मिळायला हवं ते कुणाच्या तरी मेहेरबानीनं मिळतं, तिथं खुशामत हा स्वभाव राहत नाही, ती फी होते. आमची जिल्ह्यातली वर्तमानपत्रंही शुभेच्छांच्या जाहिरातींवर वर्षाचा हिशोब जुळवतात. तीही त्याच फीची दुसरी पावती.

उलटं उदाहरण सांगतो. पूर्वी सातबाऱ्यासाठी तलाठ्याकडं किती वेळा 'आप्पा, आप्पा' करावं लागायचं, घरच्या म्हाताऱ्यांना विचारा. आता पंधरा रुपये भरले की डिजिटल सहीचा सातबारा मोबाईलवर येतो. त्या वेबसाइटला कुणी कार्यसम्राट म्हटल्याचं ऐकलंय? लोकसेवा हक्क कायदा २०१५ पासून आहे. अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणं हा त्यात हक्क आहे. जिथं हक्क चालतो तिथं लोणी विकलं जात नाही. म्हणूनच काहींना हक्क फार चालू द्यायचा नसतो.

यात नुकसान साहेबांचंही आहे. आढावा बैठकीत 'सगळं ओके साहेब' ऐकायची सवय लागली, की कोरडी टाकी आणि न आलेला टँकर त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. पोचतो तो थेट मतमोजणीच्या दिवशी. तोवर गावानं मात्र उन्हाळे काढलेले असतात.

२५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी बजावलं होतं की राजकारणातली भक्ती अधोगतीकडं आणि शेवटी हुकूमशाहीकडं नेते. कितीही मोठा माणूस असला तरी आपलं स्वातंत्र्य त्याच्या पायाशी ठेवू नका, हा मिलचा इशाराही त्यांनी त्याच भाषणात सांगितला. तेव्हा फ्लेक्स नव्हते. पाय होते, आणि ते पुढं करणारेही होते.

म्हणून पुढच्या वेळी फ्लेक्स दिसला तर खालच्या पंचवीस चेहऱ्यांना हसू नका. वरच्या मोठ्या फोटोकडं बघा आणि विचारा, याला हे सगळं का लागतं? त्या माणसासाठी तुमच्या गावच्या बोलीत एखादा ठसठशीत शब्द असेल तर खाली लिहा. लाळघोट्याइतकाच झोंबणारा पाहिजे. स्तुतिप्रिय चालणार नाही.